विश्लेषण : सोलापूरच्या वेशी गेल्या कुठे? भुईकोटाच्या दरवाजापासून काय काय पाहाल?

सोलापुरात रिक्षात बसून ‘बाळीवेस’ म्हटले की चालक दुसरा प्रश्न विचारत नाही. विजापूर वेस, तुळजापूर वेस, कुंभार वेस यांचेही तसेच. पण उतरल्यावर वेस शोधायला गेलात तर समोर दुकाने, चौक आणि वाहतूक. शहराचे दरवाजे गेले, नावे मात्र पत्त्यांत टिकली. जुना दरवाजा आजही प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर सिद्धेश्वर तलावाकाठच्या भुईकोट किल्ल्याकडेच जावे लागते.

वेशी का पाडल्या?

जुन्या सोलापूरभोवती सुमारे अडीच मैलांचा तट होता आणि ज्या गावाकडे वाट जाई त्याच्या नावाने वेस ओळखली जाई. १८६० मध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे सोलापुरात पोहोचली आणि गाव तटात मावेनासे झाले. १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने पूर्वेचा सगळा तट आणि इतर बाजूंचे काही भाग पाडले. पुढे १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, मजुरांच्या वस्त्या वाढल्या आणि उरलासुरला तटही हळूहळू दिसेनासा झाला. तो कुणा शत्रूने पाडला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हे फक्त सोलापूरचेच नाही. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील सुंगन्येमुन हा १३९८ चा नगरदरवाजा. लोक त्याला नामदेमुन, म्हणजे दक्षिणेचा मोठा दरवाजा म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्ता आणि ट्रामसाठी त्याच्या दोन्ही बाजूंचा तट पाडला गेला, दरवाजा तेवढा राहिला. फेब्रुवारी २००८ मध्ये एका इसमाने आग लावली आणि वरचा लाकडी भाग जळाला. पाच वर्षे खपून, जुन्या पद्धतीने काम करून, मे २०१३ मध्ये तो पुन्हा खुला करण्यात आला. शेजारची बाजारपेठ याच दरवाजाच्या नावाने चालते. सोलापूरच्या वेशींच्या नशिबी असे पुनरुज्जीवन आले नाही.

किल्ल्यासाठी चाळीस वर्षे भांडण कशाचे?

बहमनी काळातला हा किल्ला रेल्वे स्थानकापासून दोनेक किलोमीटरवर आहे. दुहेरी तट, तीन बाजूंना रुंद खंदक आणि पूर्वेला तलाव. डोंगराचा आधार नसलेल्या भुईकोटाला पाण्याचाच आधार. एकामागून एक दरवाजे ओलांडून आत जावे लागते. त्यांतला हत्ती दरवाजा घाईने ओलांडू नका. भुईकोटांच्या दरवाजांपुढची वाट सहसा सरळ ठेवत नसत. चाल करून येणाऱ्याला वळावे लागावे आणि वळताना तो बुरुजांच्या माऱ्यात यावा, असा हिशेब असे.

या दगडांसाठी दोन शाह्या भांडल्या, त्याचे मूळ एका लग्नात आहे. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली गेली. सोलापूर आंदण द्यायचे ठरले होते, ते दिले नाही. मग सुमारे चाळीस वर्षे लढाया होत राहिल्या. अखेर निजामशाहीची मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर तिच्याबरोबर आंदण म्हणून गेले. ती मुलगी म्हणजे चांदबिबी. हा सलोखा झाला म्हणून १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत हे दोघे विजयनगरविरुद्ध एका बाजूला उभे राहू शकले. त्यानंतर किल्ला मोगल, निजाम, पेशवे अशा हातांतून गेला आणि मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने तो घेतला.

आत बत्तीस खांबी मशीद आहे, उत्खननात सापडलेल्या प्राचीन मंदिराचे अवशेष आहेत. माहितीफलक वाचून सगळे उलगडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. शक्य तर जाणत्या सोलापूरकराला बरोबर घ्यावे.

आजूबाजूला काय?

बाहेर पडल्यावर तलाव आणि पाण्याने वेढलेले सिद्धेश्वर मंदिर. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी हा तलाव खोदवला आणि शहरात ६८ लिंगे स्थापली, असे परंपरा सांगते. मकरसंक्रांतीच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या वेळी, आलात तर हरवलेल्या वेशीही भेटतात. बाराबंदी घातलेले मानकरी सात उंच नंदीध्वज पेलत हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि विजापूर वेशीवरून मंदिराकडे येतात. दरवाजा नाही, पण मिरवणुकीची वाट अजून तीच. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या सिद्धरामेश्वरांचा योगदंड आणि कुंभारकन्या यांच्या विवाहाच्या.

चालत गाठता येणारे पुढचे ठिकाण म्हणजे चार हुतात्मा चौक. मे १९३० मध्ये ब्रिटिशांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला, तो ३० जूनपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. तारीख ऐन गड्ड्याच्या तोंडावरची. एकाच आठवड्यात शहर अभिवादनही करते आणि यात्राही भरवते. महापालिकेची इंद्रभुवन इमारत वाटेतच आहे, तिच्या कोरीव दर्शनी भागासाठी पाच मिनिटे थांबावे. भैय्या चौकाकडे वळलात तर चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ मध्ये गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे.

कधी जावे?

एप्रिल-मे टाळा. पारा चाळिशी ओलांडतो आणि तटावर सावली नाही. थंडीत सकाळी किल्ला, ऊन चढल्यावर मंदिर, दुपारी नव्या पेठेत चादरी आणि शेंगाचटणीची खरेदी हा क्रम सोयीचा. कडक भाकरी बांधून घ्या, ती आठवडाभर टिकते.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर हैदराबाद रस्त्यावर पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग आहे. तिथे बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच आदिलशाही काळात पाणीमहाल बांधला गेला. पाऊस चांगला झाला असेल तर बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. म्हणून तिथला बेत पावसाळा सरता सरता आखावा, आणि निघण्यापूर्वी पाणी आहे का याची चौकशी करावी.