आधी ऐका, मगच ट्यून करा

तातडीच्या कक्षात डिफिब्रिलेटर नावाचे यंत्र असते. लय बिघडलेल्या हृदयाला विजेचा झटका देऊन ती परत आणणे हे त्याचे काम. यंत्र नीट चालते की नाही हे नियमित तपासावे लागते. पण ती चाचणी कोणी रुग्णावर करत नाही. झटका 50 ओहमच्या एका रोधात सोडतात. प्रत्यक्ष वेळ आली, की ‘सगळे बाजूला व्हा’ असे मोठ्याने सांगून मगच बटण दाबतात.

हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे ‘हॅम’ मंडळींचा, एक शिष्टाचार अगदी असाच आहे. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेली ही माणसे स्वतःच्या संचावरून जगाशी बोलतात. अमरावतीच्या गच्चीवर जेमतेम 20 मीटर तार ताणली, तरी 7 मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशातल्या आयनांबरावरून परतून अकोल्यात उतरू शकतात. मधे मोबाइलचा मनोरा लागत नाही.

मात्र संच आणि तार यांचा मेळ बसावा लागतो. तो मोजणारा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर. तो 1 असेल तर उत्तम. 3 झाला, की चौथा हिस्सा शक्ती तारेकडून परत फिरते आणि संच तापू शकतो. म्हणून ‘ट्यूनिंग’ करतात. पण तेवढा वेळ संचातून सलग लहर बाहेर पडते आणि इतरांच्या कानात ती शिट्टीसारखी घुसते. त्याच जागी कोणी क्षीण आवाजात बोलत असेल, तर त्याचे बोलणे बुडते.

हा केवळ रुसव्याफुगव्याचा प्रश्न नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपात हॅम मदतीला धावले होते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानातून भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम रेडिओवरूनच खबरी पोचवल्या. अशा वेळी बुडालेला एक शब्द म्हणजे एखाद्या गावाचे नाव किंवा हव्या असलेल्या औषधाचे नाव असू शकते.

मग करायचे काय? आधी थोडा वेळ नुसते ऐका. शांतता म्हणजे जागा रिकामी, असे समजू नका. दोघांपैकी एकाचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नसेल. म्हणून ‘ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’ असे विचारा, थांबा, पुन्हा विचारा. संचाची चाचणी ‘डमी लोड’वर घ्या. तोही बहुधा 50 ओहमचाच असतो. शक्ती उष्णतेत जिरते, आकाशात जात नाही. तारेचा मेळ अँटेना अ‍ॅनालायझरने पाहा. त्याची लहर अगदी क्षीण असते. ट्यूनरच्या खुंट्यांच्या जागा वहीत लिहून ठेवा, म्हणजे दरवेळी शोधाशोध नको. हवेत ट्यून करणे भागच असेल, तर मोकळ्या जागी, 5-10 वॅटवर, काही सेकंदांत उरका. आणीबाणीसाठी राखलेल्या 7.110 मेगाहर्ट्झच्या आसपास तर नकोच.

डॉक्टर म्हणून एक भर घालतो. प्रक्षेपण चालू असताना तारेला हात लावू नका. विजेचा धक्का जाणवला नाही, तरी त्या लहरींनी कातडी खोलवर भाजते. गच्चीवर पोरे पतंग उडवत नाहीत ना, हे आधी बघा.

स्टेथोस्कोप छातीला लावला, की आम्ही नातेवाइकांना क्षणभर गप्प राहायला सांगतो. आकाशातही कोणी तरी असेच कान लावून बसलेले असते.