हिऱ्याची पत्रिका कशी वाचावी?

उज्जयिनीच्या सराफ्यात किंवा पटनी बाजारात हिऱ्याची अंगठी घ्यावयास आलेले गिऱ्हाईक आज प्रथम हिरा पाहत नाही. प्रथम कागद मागते. “सर्टिफिकेट आहे ना?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी पेढीचे नाव हेच प्रमाणपत्र होते. काळ बदलला, याचा विषाद मानण्याचे कारण नाही. मात्र कागद मागणारा व कागद देणारा, या दोघांसही त्यात काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही याची जाण नसेल, तर तोच कागद दोघांची फसगत करतो.

एक प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. गिऱ्हाइकासमोर एकेक कॅरटचे दोन हिरे ठेवलेले आहेत. दोहोंच्या कागदांवर रंग ‘जी’ आणि शुद्धता ‘व्हीएस-२’ असेच लिहिले आहे. पण दरात मोठी तफावत आहे. गिऱ्हाईक विचारते, “अक्षरे तीच, मग दाम निराळे का?” या प्रश्नास नीट उत्तर देता आले नाही, तर ते आपणांस लुबाडणारे समजून उठून जाते, आणि स्वस्त हिरा घेतला तर पुढे तो विकावयाच्या वेळी पस्तावते. या प्रश्नाचे उत्तर देणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षेची जुनी परंपरा

रत्नपरीक्षेचे शास्त्र आपल्या नगरीस नवे नाही. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिरांनी ‘बृहत्संहिते’त हिऱ्याच्या परीक्षेस स्वतंत्र अध्याय दिला. कावळ्याच्या पायासारखी खूण, माशीसारखा ठिपका, केसासारखी रेघ, आत अडकलेली वाळू, असे दोष त्यांनी सांगितले आहेत. आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ असे वजनाचे मान धरून, वीस तांदूळ भाराच्या हिऱ्याचे मोल दोन लक्ष मानले आहे. आणि वजन उतरले की मोल त्याहून अधिक वेगाने उतरते, असे कोष्टकच दिले आहे. पुढे इ. स. १३१५ मध्ये ठक्कुर फेरू या श्रीमाळ कुळातील जैन अधिकाऱ्याने, दिल्लीस अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यातील रत्ने प्रत्यक्ष पाहून, ‘रयणपरिक्खा’ हा प्राकृत ग्रंथ रचला. आपल्याच प्रांतातील पन्ना येथे खाणीतून निघालेला हिरा आजही सरकारी हिरा कार्यालयात जमा होतो आणि पारख्याच्या नजरेने ‘उज्ज्वल’ किंवा ‘मैला’ ठरून लिलावास जातो.

जुन्या शास्त्रात परीक्षा आणि मोल ही दोन्ही एकत्र सांगितलेली असत. आजच्या प्रयोगशाळा केवळ परीक्षा करतात. मोल सांगत नाहीत. हा भेद आरंभीच ध्यानी घ्यावा.

मोजपट्टी एक, हात अनेक

आज सर्वत्र प्रचलित असलेली अक्षरे अमेरिकेतून आली. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजेच जी.आय.ए., ही संस्था १९३१ साली स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या प्रारंभी तिने रंग व शुद्धता यांची श्रेणी निश्चित केली आणि १९५५ साली हिऱ्याचा पहिला अहवाल दिला. त्यापूर्वी ‘ए’, ‘डबल ए’ अशी अक्षरे प्रत्येक व्यापारी आपल्या मर्जीप्रमाणे वापरीत असे. तो घोळ टाळण्यासाठी रंगाची नवी श्रेणी ‘डी’पासून सुरू केली व ‘झेड’पर्यंत नेली. त्यात तेवीस पायऱ्या आहेत. शुद्धतेच्या पायऱ्या अकरा असून त्या दहापट दाखविणाऱ्या भिंगाखाली ठरविल्या जातात.

रंग ठरविण्यासाठी आदर्श हिऱ्यांचा एक संच ठेवलेला असतो. त्याच्या शेजारी आपला हिरा ठेवून ठराविक प्रकाशात डोळ्यांनी तुलना केली जाते. चांगल्या प्रयोगशाळेत एकाहून अधिक परीक्षक, एकमेकांचे मत व मालकाचे नाव न जाणता, हे काम करतात. वजन कॅरटच्या शतांशापर्यंत, म्हणजे सेंटपर्यंत, नोंदविले जाते. लांबी, रुंदी व खोली मिलिमीटरमध्ये लिहिली जाते.

ही अक्षरे कोणा एकाची मालमत्ता नाहीत. जगातील कोणतीही प्रयोगशाळा ती वापरू शकते, आणि बहुतेक वापरतात. मोजपट्टी एक असली तरी ती धरणारे हात निरनिराळे आहेत. एकाने सैल धरली आणि दुसऱ्याने कडक धरली, तर कागदावर अक्षर एकच दिसेल. हिरे मात्र एक नसतील. उपरोक्त गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी येथेच आहे.

प्रमुख प्रयोगशाळा

जी.आय.ए. ही नफा न कमविणारी संस्था असून नैसर्गिक सुट्या हिऱ्याच्या बाबतीत तिच्या अहवालास बाजारात सर्वाधिक मान आहे. इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आय.जी.आय., १९७५ साली ॲन्टवर्प येथे स्थापन झाली. ती व्यापारी कंपनी असून २०२४ च्या डिसेंबरात तिच्या भारतीय कंपनीचे समभाग आपल्या शेअरबाजारात दाखल झाले. तयार दागिने व प्रयोगशाळेत घडविलेले हिरे यांवर आपल्याकडे तिचाच कागद पुष्कळदा आढळतो. या दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबई व सुरत येथे आहेत.

बेल्जियमच्या एच.आर.डी.ची भाषा थोडी निराळी आहे. जेथे इतर ‘निर्दोष’ लिहितात तेथे ती ‘एल.सी.’, म्हणजे भिंगाखाली निर्मळ, असे लिहिते. ‘डी’ रंगास ‘एक्सेप्शनल व्हाईट प्लस’ म्हणते. आणि ठळक दोषांच्या हिऱ्यास ‘आय’ऐवजी ‘पी’ हे अक्षर देते. अमेरिकेतील ए.जी.एस. प्रयोगशाळा २०२२ च्या अखेरीस जी.आय.ए.मध्ये विलीन झाली. परंतु तिचे जुने अहवाल घरोघरच्या तिजोऱ्यांत अद्याप आहेत. तिच्या श्रेणीत शून्य हा अंक सर्वोत्तम होय. शून्य पाहून हिरा टाकाऊ समजण्याची चूक कोणी करू नये.

मतभेद आणि सैलपणा

येथे दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. दोन पायऱ्यांच्या सीमेवरील हिऱ्यास एक परीक्षक ‘जी’ म्हणेल व दुसरा ‘एच’ म्हणेल. हा प्रामाणिक मतभेद होय. मात्र एखादी प्रयोगशाळा नेहमीच वरच्या दिशेने चुकू लागली, तर तो सैलपणा होय. ई.जी.एल. या नावाच्या प्रयोगशाळांचे अहवाल ऑक्टोबर २०१४ पासून रॅपनेट या जागतिक विक्रीयादीतून वगळण्यात आले, ते श्रेणीतील अशा तफावतीमुळेच. थोर संस्थाही मानवी दोषांपासून मुक्त नसतात. २००५ साली लाचलुचपतीच्या आरोपांची चौकशी होऊन खुद्द जी.आय.ए.च्या काही कर्मचाऱ्यांस काढून टाकण्यात आले होते.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. परीक्षेचे शुल्क हिऱ्याचा मालक देतो आणि प्रयोगशाळाही तोच निवडतो. जो हिरा कडक परीक्षेत टिकेल तो तेथे जातो. जो टिकणार नाही तो दुसरीकडे जातो. म्हणून अहवालावरील संस्थेचे नाव हीसुद्धा हिऱ्याविषयीची एक माहितीच आहे. अक्षरांची तुलना करण्यापूर्वी संस्थांची तुलना करावी.

कागद जे सांगत नाही

अहवाल म्हणजे मूल्यांकन नव्हे आणि हमीही नव्हे. विशिष्ट दिवशी, विशिष्ट परीक्षकांनी दिलेले ते मत आहे. त्यानंतर हिऱ्याची कड उडाली असेल तर कागदास ते ठाऊक नसते. म्हणून अहवालाची तारीख पाहावी.

सोन्यावरील हॉलमार्कचा हिऱ्याशी संबंध नाही. २०२१ पासून दागिन्यावर येणारा सहा अक्षरांकांचा क्रमांक केवळ सोन्याच्या शुद्धतेची साक्ष देतो. अनेक गिऱ्हाइके हॉलमार्क पाहून हिऱ्याविषयीही निश्चिंत होतात. त्यांचा हा गैरसमज आपण दूर करावा.

जडविलेल्या हिऱ्याची परीक्षा सुट्या हिऱ्याइतकी काटेकोर होऊ शकत नाही. कोंदणाचे सोने रंग झाकते, कोंदणाच्या नखांखाली दोष लपतो आणि वजन पुष्कळदा मापावरून अंदाजावे लागते. दागिन्याच्या छोट्या पत्रिकेवर ‘जी-एच’ असा जोडरंग आणि सर्व हिऱ्यांचे मिळून वजन दिलेले असते, ते यामुळेच. सुट्या हिऱ्याच्या सविस्तर अहवालाच्या पंक्तीस ती पत्रिका बसवू नये.

घडविलेला हिरा

आज सर्वांत मोठे जोखमीचे स्थान प्रयोगशाळेत घडविलेला हिरा हे आहे. तो काच नव्हे, खडा नव्हे. तोही कार्बनचाच स्फटिक आहे. म्हणून पेढीवरील उष्णता मोजणारी लेखणी त्यासही हिराच म्हणते, आणि नुसत्या भिंगाने निष्णात पारखीही खात्रीने भेद सांगू शकत नाही. भेद केवळ योग्य उपकरणांनी कळतो. दराचा भेद मात्र प्रचंड आहे. जी.आय.ए.ने ऑक्टोबर २०२५ पासून अशा हिऱ्यांस रंग-शुद्धतेची नेहमीची अक्षरे देणे थांबवून ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ अशा दोनच पायऱ्या ठेवल्या आहेत. इतर संस्थांच्या अहवालांवर जुनीच अक्षरे आढळतात. तेव्हा अक्षरे वाचण्यापूर्वी हिरा नैसर्गिक की घडविलेला, ही ओळ वाचावी.

पेढीवर पाळावयाचे नियम

पहिला: अहवालाचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर गिऱ्हाइकासमक्षच तपासावा.

दुसरा: हिऱ्याच्या कडेवर, सुरतेचे कारागीर जिला कंदोरा म्हणतात तेथे, लेझरने क्रमांक कोरलेला असल्यास तो भिंगाखाली मिळवून पाहावा. मात्र तेवढ्यावर थांबू नये. घडविलेल्या हिऱ्यावर नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक कोरल्याचे प्रकार प्रयोगशाळांनीच उघडकीस आणले आहेत. म्हणून सुटा हिरा पुन्हा तोलावा, मोजावा आणि अहवालातील आकड्यांशी ताडून पाहावा. शंका उरल्यास तो फेरतपासणीस पाठवावा.

तिसरा: लेझरने छिद्र पाडणे, भेग भरणे किंवा रंग सुधारणे यांपैकी काही उपचार झाल्याची नोंद आहे काय, हे पाहावे व ते गिऱ्हाइकास आपण होऊन सांगावे.

चौथा: बिलावर प्रयोगशाळेचे नाव, अहवालाचा क्रमांक आणि ‘नैसर्गिक’ अथवा ‘प्रयोगशाळेत घडविलेला’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. परत घेण्याची अट असेल तर तीही त्याच कागदावर लिहावी.

पाचवा: एकाच अक्षराचे दोन हिरे असतील तर ते कागद झाकून, उत्तरेच्या उजेडात, गिऱ्हाइकास शेजारी शेजारी दाखवावेत. अधिक दाम का, हे पुष्कळदा हिरा स्वतःच सांगतो.

‘तत्त्वार्थसूत्रा’त अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत खोटी मापे वापरणे हा एक असून ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे एका वस्तूच्या नावाने तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू देणे, हा दुसरा आहे. सैल मापाचा कागद कडक मापाच्या भावाने विकणे हा पहिला दोष होय. घडविलेला हिरा न सांगता नैसर्गिक म्हणून देणे हा दुसरा. कोणत्याही प्रयोगशाळेचा शिक्का या दोषांतून आपली सुटका करीत नाही.

हिऱ्याची परीक्षा मुंबईस किंवा सुरतेस होवो, ज्या मातेने मुलीच्या लग्नासाठी साठविलेले पैसे आपल्या गादीवर ठेवले, ती त्या प्रयोगशाळेस ओळखत नाही. ती आपणांस ओळखते. कागद तिला वाचून दाखविणे आणि कागदात जे नाही तेही सांगणे, हे आपले काम आहे. अडचणीच्या वेळी ती तोच हिरा घेऊन परत येईल तेव्हा तिच्यासमोर मान खाली घालावी लागू नये, एवढे आजच पाहावे.