काशीच्या वाटेवरचे बोगदे

रेल्वे येण्यापूर्वी कोकणातला मनुष्य काशीयात्रेस निघे, तेव्हा तो आप्तेष्टांचा निरोप बहुधा अखेरचा समजूनच घेई. महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्या प्रवासात पहिली मोठी परीक्षा सह्याद्रीची असे. थळघाटाच्या वाटेने जाणाऱ्यास तो घाट चढून गेल्याखेरीज नाशिक नाही आणि पुढचा मार्गही नाही.

१८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली; परंतु सह्याद्री ओलांडल्यावाचून तिला देशावर येणे शक्य नव्हते. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत सुमारे सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढावयाचे होते. गुळगुळीत रुळांवर लोखंडी चाक फार तीव्र चढाव सोसत नाही. म्हणून सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर, ही मर्यादा पाळावी लागली. त्यासाठी मार्ग डोंगराच्या कडेकडेने वळवीत न्यावा लागे. दरी आडवी आली तेथे पूल बांधला. डोंगराची सोंड पुढे आली तेथे ती पोखरली. असे तेरा बोगदे या घाटात खोदले गेले. गाडी वळविण्यास जागाच नव्हती तेथे तिला एका टोकाशी थांबवून, दुसऱ्या टोकास इंजिन जोडून, उलट दिशेने वर चढविण्याची युक्ती योजली होती.

सह्याद्रीचा काळा पाषाण अतिशय कठीण. यांत्रिक साधने नसल्याने पहार आणि घण यांनी त्यात भोके पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि धूर विरला की फुटलेला दगड बाहेर वाहून टाकायचा, असे काम वर्षानुवर्षे चालले. पावसाळ्यात ते मंदावे. त्यातच पटकीच्या साथी येत आणि मजुरांच्या तळांतून माणसे झपाट्याने दगावत. ज्यांच्या देखरेखीखाली या मार्गाची आखणी झाली, ते मुख्य अभियंता जेम्स बर्कले १८६२ साली निवर्तले. पुरा झालेला घाट त्यांनाही दिसला नाही. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाटातून गाडी धावू लागली.

पुढे १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली. काशीचा यात्रेकरू आता काही दिवसांत गंगेच्या पैलतीरी पोहोचू लागला. १८८७ साली राजघाटाचा पूल पुरा झाला, तेव्हा त्याचे नावेतून नदी ओलांडणेही टळले. घाटमार्गात पुढे फेरफार झाले, वाफेची इंजिने जाऊन विजेची आली. तरीही कसाऱ्याहून वर निघालेल्या गाडीस मागून जोर देण्यासाठी जादा इंजिने आजही लावावी लागतात. चढाव बदललेला नाही.

काशीहून सुखरूप परतलेला मनुष्य गंगेच्या गडूची पूजा करून गावास मावंद्याचे जेवण घाली. तो परतला यात ईश्वरी कृपा होती, तसे त्या मजुरांचे श्रमही होते. बर्कले यांचे नाव ग्रंथांत नोंदलेले आहे. पहार धरणाऱ्यांची नावे मात्र राहिली नाहीत. त्यांच्यापैकी कित्येक जण त्या वाटेने पुढे कोठेच गेले नाहीत. बोगद्यातला तो क्षणभराचा अंधार हीच त्यांची उरलेली खूण होय.