जाळ्याचे शिसे आणि घरची चूल

फेकजाळे पाण्यात चटकन बुडावे म्हणून त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवतात. परसवाडा परिसरात अथवा वैनगंगेकाठी असे जाळे असलेल्या घरातील मूल वारंवार पोटदुखी घेऊन आले, तर ‘घरी शिसे वितळवता का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी अवश्य विचारावा.

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळते; घरची चूलही त्यास पुरते. भंगारात ओल राहिली तर वाफेच्या जोराने तप्त धातू उडतो. त्या भाजण्याची भीती सर्वांनाच असते. परंतु वर तरंगणारी राखाडी साय पळीने काढून अंगणात झटकतात, तिचे भय कोणी बाळगत नाही. ती शिशाच्या ऑक्साइडची भुकटी. रांगणाऱ्या बालकाच्या हातावाटे ती पोटात जाते. आणि बालकाचे आतडे प्रौढापेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषते, लोहाची कमतरता असल्यास आणखीच. जुन्या बॅटरीच्या पट्ट्या वितळवणे तर सर्वस्वी वर्ज्य. सेनेगलमध्ये डाकारजवळ बॅटऱ्यांच्या शिशामुळे २००७-०८ मध्ये १८ बालके दगावली.

पांडुरोग, बद्धकोष्ठता, चिडचिड ही लक्षणे फसवी आहेत. रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास उगम शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. औषधाचा विचार त्यानंतरचा.

मणी तयार घेणे उत्तम. ओतकाम करणे भागच असेल, तर ते वस्तीपासून दूर, उघड्यावर, कोरड्या धातूने करावे. साय घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कामाचे कपडे वेगळे धुवावेत आणि घरात झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे.