पुरावा मागणारा सी लायन

अमेरिकी व्यंगचित्रकार डेव्हिड मल्की यांच्या ‘वंडरमार्क’ या व्यंगचित्रमालिकेत सप्टेंबर २०१४ मध्ये एक बाई सहज बोलून जाते, की बाकीचे बहुतेक सागरी सस्तन प्राणी चालतील, सी लायन मात्र नकोत. लगेच एक सी लायन हजर! तो अत्यंत अदबीने तिच्या बोलण्याचा पुरावा मागतो. रात्री झोपायच्या खोलीत, सकाळी न्याहारीच्या टेबलाशीही.

तेव्हा व्हिडिओ गेमच्या जगात ‘गेमरगेट’चा वाद पेटला होता. अशा चिवट सभ्यतेला तिथे ‘सीलायनिंग’ हे नाव चिकटलं.

पण आगळीक आधी बाईचीच, असा आक्षेप निघाला. एका अख्ख्या जमातीला तिने नावं ठेवली होती, तेव्हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. मल्कींना पुढे खुलासा करावा लागला: सी लायन म्हणजे कुठली जमात नव्हे, तर तसं वागणारी माणसं.