थोड्या चिप्स, एकच निर्णय : पोकर स्पर्धेच्या उत्तरार्धातील गणित

लास व्हेगासमध्ये १९८२ साली झालेल्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत जॅक स्ट्रॉस या खेळाडूजवळ एका टप्प्यावर पाचशेची एकच चिप उरली होती. पुढे तीच स्पर्धा त्याने जिंकली. ‘एक चिप आणि एक खुर्ची असेपर्यंत आशा आहे’ ही पोकरविश्वातील म्हण या विजयाशी कायमची जोडली गेली. म्हण गोड आहे. परंतु तिने अनेकांना चुकीचा धडाही दिला. चिप्स कमी झाल्या की चांगल्या पानांची वाट पाहत बसावे, असा तिचा अर्थ लावला जातो. गणित मात्र नेमके उलट सांगते.

थांबण्याचीही किंमत असते

‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पाने मिळतात आणि नंतर पाच सामाईक पाने टेबलावर उघडली जातात. पाने वाटण्यापूर्वी दोन खेळाडूंना अनुक्रमे स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड ही सक्तीची रक्कम भरावी लागते. आजच्या बहुतेक स्पर्धांत बिग ब्लाइंडइतकाच ‘अँटे’ही आकारला जातो. ठरावीक वेळाने या रकमा वाढत जातात. त्यामुळे खेळाडूचे बळ चिप्सच्या आकड्यावरून नव्हे, तर त्या किती बिग ब्लाइंड भरतात यावरून मोजले जाते. वीस हजार चिप्स म्हणजे हजाराच्या ब्लाइंडला वीस पट. ब्लाइंड दोन हजार झाला की त्याच चिप्स दहा पट उरतात.

दहा बिग ब्लाइंड असलेल्या खेळाडूला टेबलाच्या एका फेरीत स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड आणि अँटे मिळून अडीच बिग ब्लाइंड भरावे लागतात. म्हणजे काहीही न करता पाव संपत्ती संपते. दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात आणि त्यांत दोन एक्के येण्याची शक्यता २२१ वाटपांत एकदा. कोणतीही जोडी सरासरी १७ वाटपांत एकदाच येते. नऊ जणांच्या टेबलावर फेरी मात्र नऊ वाटपांत संपते. गणितज्ञ व बॅकगॅमनपटू पॉल मॅग्रिएल यांनी सुचवलेला आणि १९९५ चे विजेते डॅन हॅरिंग्टन यांनी आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केलेला ‘एम’ हा अंक हेच सांगतो : हातातील चिप्स आणखी किती फेऱ्या पुरतील? वरील उदाहरणात उत्तर आहे, चार.

मधला मार्ग का उरत नाही

दहा बिग ब्लाइंडपैकी अडीच लावून पाहावे, असा मोह होतो. मात्र समोरच्याने ऑल-इन केले, तर माघार घेणाऱ्याची पाव संपत्ती जाते. माघार न घ्यावी, तर आणखी साडेसात भरावे लागतात आणि एकूण साडेबावीसचा डाव मिळण्याची शक्यता असते. म्हणजे जिंकण्याची शक्यता एक-तृतीयांश असली तरी पुढे जाणे भाग पडते. शेवटी सर्वस्व लावावेच लागणार असेल, तर ते आधी लावावे. कारण आधी लावणाऱ्यास जिंकण्याचे दोन मार्ग असतात : पाने सरस ठरणे किंवा प्रतिस्पर्ध्याने पाने टाकून देणे.

स्मॉल ब्लाइंडवरील खेळाडूचे उदाहरण घ्यावे. बाकी सर्वांनी पाने टाकली आहेत. अर्धा ब्लाइंड भरून त्याच्याकडे साडेनऊ उरले असून टेबलावर अडीच आहेत. पाने टाकली तर साडेनऊ कायम राहतात. ऑल-इन केले आणि दहापैकी सहा वेळा समोरच्याने माघार घेतली, तर प्रत्येक वेळी बारा होतात. उरलेल्या चार वेळा सामना होतो. त्यांत जिंकण्याची शक्यता केवळ ४० टक्के धरली, तरी २१ च्या डावातील सरासरी वाटा ८.४ येतो. एकूण सरासरी १०.५६. म्हणजे दुबळी बाजू असूनही धाडस फायद्याचे ठरते.

आता तोच खेळाडू तीन बिग ब्लाइंडपर्यंत थांबला असे समजू. त्याने ऑल-इन केल्यावर बिग ब्लाइंडला केवळ दोन भरून सातचा डाव मिळू शकतो, त्यास २८.६ टक्के शक्यता पुरते. सत्ती-दुर्रीसारखी दरिद्री पानेही कोणत्याही अनोळखी पानांविरुद्ध साधारण ३५ टक्के वाटा राखतात. साहजिकच कोणी घाबरत नाही. थांबण्यात चिप्स जातातच, पण त्याहून मौल्यवान असा धाक आधी जातो.

मागे किती खेळाडू उरले आहेत, हेही तितकेच महत्त्वाचे. मागे आठ जण असतील, तर त्यांतील एकाकडे तरी जोडी असण्याची शक्यता साधारण ३८ टक्के. एकच असेल तर सुमारे सहा टक्के. म्हणून सुरुवातीच्या जागेवरून निवडक पानांनी आणि शेवटच्या जागांवरून बऱ्याच सैलपणे ऑल-इन करतात.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर

येथवरचे गणित चिप्सचे होते. बक्षिसांचे गणित वेगळे. तीन खेळाडू उरले आहेत, प्रत्येकाकडे समान चिप्स आहेत आणि मोठ्या स्पर्धेची दोन सारखी तिकिटे बक्षीस आहेत, असे मानू. प्रत्येकाची शक्यता दोन-तृतीयांश. एकाने सर्वस्व लावून एक्का-राजा उघड दाखवला आणि दुसऱ्याकडे राण्यांची जोडी असली, तर राण्या साधारण ५५ टक्के जिंकतात. चिप्सच्या हिशेबात आव्हान स्वीकारावे; तिकिटांच्या हिशेबात मात्र ६७ टक्क्यांच्या जवळपासची शक्यता सोडून ५५ टक्के घेणे हा तोटा आहे. म्हणजे सर्वस्व लावण्यापेक्षा दुसऱ्याचे आव्हान स्वीकारण्यास अधिक बळकट पाने लागतात. बक्षिसांत चिप्सचे मोल काढण्याची प्रचलित पद्धत डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये बहुस्पर्धक शर्यतींसाठी मांडलेल्या सूत्रावर उभी आहे.

बरोबर निर्णय, तरीही पराभव

गोव्यात मांडवीतील कॅसिनो जहाजांवर पोकर खेळला जातो; गोमंतकीयांना मात्र फेब्रुवारी २०२० पासून तेथे खेळण्यास मनाई आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. या खेळात कौशल्य किती आणि नशीब किती, हा वाद जुनाच आहे. वरील स्मॉल ब्लाइंडच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहिल्यास दोन्ही बाजू दिसतात. तो निर्णय अचूक होता. तरीही शंभरपैकी २४ वेळा खेळाडू तेथेच स्पर्धेबाहेर जातो आणि प्रवेशशुल्क बुडते. कौशल्य चुका कमी करते, नशीब पुसून टाकत नाही.

स्ट्रॉसची कथा खरी आहे. परंतु ती लक्षात राहिली ती दुर्मीळ म्हणून. एकच चिप उरेपर्यंत थांबलेले इतर असंख्य खेळाडू कोणत्याही म्हणीत सापडत नाहीत.