रस्ता अडतो तो खाडीपाशी

हरिहरेश्वराचं दर्शन आणि समुद्रकडेची प्रदक्षिणा आटोपून दापोलीकडे निघालेली गाडी चार-पाच किलोमीटरवर बागमांडल्याला येते आणि उभी राहते. रस्ता संपलेला असतो. पुढचा सिमेंटचा उतार सरळ सावित्रीच्या खाडीत शिरतो. पलीकडून फेरीबोट येते, तिची लोखंडी फळी खडखडत उतारावर पडते, आणि आधी मोटारसायकली, मग गाड्या, मग टेम्पो बाहेर पडतात. इकडच्या गाड्या आत जातात त्या इंचाइंचाचा हिशोब करत. एकदा आत लागल्या की दार उघडून उतरायलाही जागा नाही. उरलेल्या फटींत पुन्हा मोटारसायकली. पाण्यावरून थोड्याच वेळात समोरचं वेसवी येतं आणि रायगड संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. फेरी चुकली तर म्हसळा, आंबेतचा पूल, मंडणगड असा मोठा वळसा.

कागदावर हा सगळा एकच रस्ता आहे: प्रमुख राज्य महामार्ग 4, रेवस ते रेडी, सुमारे पाचशे किलोमीटर. लोक त्याला सागरी महामार्ग म्हणतात. मुंबईसमोरच्या रेवसपासून गोव्याच्या सीमेवरच्या रेडीपर्यंत किनाऱ्याची गावं एका दोरीत ओवायची, ही त्यामागची कल्पना. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. 1980 ते 1982 या काळात ते मुख्यमंत्री होते, आणि गाव त्यांचं याच सावित्रीकाठचं, आंबेत.

पण कोकणात किनाऱ्याने रस्ता न्यायचा म्हणजे दर काही मैलांवर खाडी ओलांडायची. सह्याद्रीतून उतरलेल्या नद्या मुखाशी फुगतात, भरतीचं पाणी आत कितीतरी मैल चढतं. म्हणूनच मुंबई–गोवा महामार्ग डोंगराच्या पायथ्यापायथ्याने गेला. तिथे नद्या अरुंद असतात. अर्थात अरुंद म्हणजे सोप्या नव्हेत. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री याच सावित्रीच्या पुराने महाडजवळचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल नेला, आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या.

बागमांडल्याची खाडी आज फक्त दोन जिल्ह्यांमधली रेघ आहे. एके काळी मात्र ती दोन राज्यांची सीमा होती. अलीकडचा श्रीवर्धनचा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात, तर पलीकडे मुखाशी उभा असलेला बाणकोटचा किल्ला, म्हणजे हिंमतगड, 1756 पासून इंग्रजांकडे. त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. 1948 मध्ये जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत होडीतून पलीकडे जाणारा माणूस एका राजवटीतून दुसरीत जात होता. सासर-माहेर, मासळीबाजार, हरिहरेश्वराची वारी यांनी त्या सीमेची फारशी पर्वा केली असेल असं वाटत नाही.

रेवदंड्याजवळ साळावचा, आंजर्ल्याचा, रत्नागिरीलगत भाट्याचा असे पूल होत गेले आणि रस्ता तुकड्यातुकड्याने जोडला गेला. मोठ्या खाड्या राहिल्या. बाणकोट खाडीवरच्या पुलाचं काम सुरू झालं आणि अर्ध्यावर थांबलं. नुसते खांब पाहत लोक वर्षानुवर्षं ये-जा करत राहिले. पुढे रस्ते विकास महामंडळाने उरलेले मोठे पूल हाती घेतले. दरम्यानची गरज भागवली ती फेरीबोटींनी. 2003 मध्ये दाभोळ–धोपावे फेरी सुरू झाली, नंतर वेसवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, जयगड–तवसाळ. सरकारी योजनेने जे जोडायचं होतं ते आधी या बोटींनी जोडलं, हे मान्य करायला हरकत नाही. दापोली–गुहागरच्या मुक्कामाला श्रीवर्धन–हरिहरेश्वर जोडण्याची पर्यटकांची सवयही त्यांच्यामुळेच रुजली.

दक्षिण टोकाला, रेडीला, खरी राज्यसीमा भेटते आणि तीही सरळ नाही. तेरेखोल नदी हीच महाराष्ट्र–गोव्याची हद्द असावी असं नकाशा पाहून वाटतं. पण नदीच्या उत्तर काठावरचा तेरेखोलचा किल्ला आणि त्याखालचं गाव गोव्यात आहे. पोर्तुगिजांनी 1746 मध्ये किल्ला सावंतवाडीकरांकडून घेतला, तेव्हापासूनचा हा गुंता. 15 ऑगस्ट 1954 रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. आज तेरेखोलच्या माणसाला जमिनीवरून आपल्याच पेडणे तालुक्यात जायचं तर आधी महाराष्ट्रात शिरावं लागतं. रेडी, आरोंदा करत किरणपाणीच्या पुलावरून तो पुन्हा गोव्यात उतरतो.

नाहीतर सोपा उपाय म्हणजे किल्ल्याखाली, काठावर उभं राहायचं आणि केरीहून येणाऱ्या फेरीची वाट पाहायची. तिकडे पाचशे किलोमीटर वर रेवसच्या धक्क्यावर भाऊच्या धक्क्याहून येणाऱ्या लाँचची वाट पाहतात, तशीच.